मलमातील आम्ले आणि उतारवयातील त्वचा

"डॉक्टरसाहेब, ह्या मलमात तेजाब हाय म्हणं. नातीनं पुण्याहून धाडलंय. लावू का नको?"

गेल्या हिवाळ्यात लोह्यातील माझ्या दवाखान्यात एका आजींनी हा प्रश्न विचारला. तेजाब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फरशी धुण्याची बाटली नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी उभी राहते. आजींची भीती त्यामुळे स्वाभाविकच होती. वास्तविक त्यांच्या हातातील मलम हायल्युरॉनिक आम्लाचे होते आणि ते लावण्यात कसलाही धोका नव्हता.

त्याच आठवड्यात सदुसष्ट वर्षांचे एक शेतकरी काका आले. मधुमेह जुना, तळपायाला कुरूप. कोणीतरी सुचविले म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून कुरुपावर लावायची पट्टी आणली आणि चार दिवस चिकटवून ठेवली. पाऊल बधिर असल्याने दुखले काहीच नाही. पट्टी निघाली तेव्हा भोवतालची चांगली कातडीही पांढरी पडून सुटली होती आणि आत पू झाला होता. त्यांना नांदेडला पाठवावे लागले. पाऊल वाचले, एक बोट मात्र गेले. त्या पट्टीतही आम्लच होते, परंतु पाकिटावरील बारीक अक्षरे काकांनी वाचली नव्हती.

ज्याला भिण्याचे कारण नाही त्याला आजी भ्यायल्या आणि ज्याला भ्यायला हवे होते त्याची काकांना कल्पनाच नव्हती. म्हणून वाचकहो, ही आम्ले एकदा नीट ओळखून घेऊ.

आपली त्वचा मुळातच किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि हा आम्लपणाच जंतूंना दूर ठेवतो, ओलावा आत राखतो. अंगाच्या साध्या साबणाचा सामू मात्र ९ ते १०. वय वाढते तसा त्वचेचा आम्लपणा घटतो, तेलग्रंथी मंदावतात आणि वरचा मृत थर झडून नवा येण्यास तरुणपणी जे चार आठवडे लागत, त्याहून बराच अधिक काळ लागू लागतो. नडग्यांवर खवले, टाचांना भेगा आणि रात्रीची खाज ही त्याचीच रूपे. माळेगावची यात्रा जवळ आली की माझ्याकडे अशा टाचा घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते.

ह्या तक्रारींवर लॅक्टिक आम्ल गुणकारी आहे. हे आपल्या दह्यातले आम्ल. शेले ह्या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले, तरी आपल्या आज्या दही-बेसन त्याआधीपासून अंगाला चोळत असतील. औषधी मलमात ते बहुधा १२ टक्के अमोनियम लॅक्टेटच्या रूपात असते. ते मृत थर सैल करते आणि पाणीही धरून ठेवते. रात्री पाय धुऊन, टिपून लावावे. रक्ताळलेल्या भेगेत ते झोंबते, तेव्हा आधी साधे व्हॅसलीन लावून भेग भरू द्यावी.

आजींच्या मलमातील हायल्युरॉनिक आम्ल तर सोलण्याचे काम करीतच नाही. ते आपल्या त्वचेत, डोळ्यांत आणि सांध्यांच्या वंगणात असतेच. १९३४ साली ते प्रथम गाईच्या डोळ्यातून मिळविले गेले. किंचित ओल्या त्वचेवर लावून वर साधे मलम लावले की ओलावा टिकतो. त्याने सुरकुत्या जातील ही आशा मात्र आजींनी ठेवू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या हसल्या.

ग्लायकोलिक आम्ल उसातही आढळते. त्याचा रेणू ह्या कुळात सर्वांत लहान, म्हणून ते झटकन आत शिरते आणि झोंबतेही अधिक. घरी वापरावयाच्या प्रसाधनात ते १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे तज्ज्ञांचे मत आहे. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते. मराठवाड्याच्या उन्हात वावरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला ते लावण्याची गरज मला तरी दिसत नाही. लिंबाचेही तेच. 'घरगुती' म्हणून चेहऱ्यावर चोळलेल्या लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. त्याने भाजून पडलेले काळे डाग मी अनेकदा पाहिले आहेत.

आता काकांच्या पट्टीतील सॅलिसिलिक आम्ल. विलो नावाच्या झाडाच्या सालीवरून त्याचा शोध लागला आणि अ‍ॅस्पिरिन त्याचेच भावंड. जाड कातडीच्या पेशींना जोडणारा सांधा ते सोडविते. येथे सारा खेळ प्रमाणाचा आहे. चेहऱ्याच्या फेसवॉशमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास असते. नायट्यावरील जुन्या व्हिटफिल्ड मलमात ३ टक्के, सोबतीला ६ टक्के बेंझोइक आम्ल. कुरुपाच्या पट्टीत मात्र साधारण ४० टक्के! कुरूप कोणते आणि चांगली कातडी कोणती, हे त्या पट्टीला कळत नाही. म्हणून ज्यांना मधुमेह आहे, पायांचा रक्तपुरवठा कमी आहे किंवा कुष्ठरोगासारख्या आजाराने पाऊल बधिर झाले आहे, त्यांनी ती कदापि लावू नये. कुरूप डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे आणि ज्या चपलेच्या घासण्याने ते झाले, ती बदलावी. हे मलम अंगाच्या मोठ्या भागावर दीर्घकाळ चोळल्यास ते रक्तातही उतरते. विशेषतः मूत्रपिंडे अधू असतील तर कानांत घुंघुं आवाज येणे, मळमळणे अशी लक्षणे दिसतात. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही आधी विचारावे.

रेटिनोइक आम्लाविषयी एवढेच सांगतो: घरात गरोदर सून वा लेक असेल तर ते मलम तिच्या हाती पडू देऊ नका.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी त्यांच्या उशाजवळील मलमे एकदा उजेडात नेऊन वाचावीत. नावापुढचा टक्क्यांचा आकडा पाहावा. नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. मधुमेही माणसाचे तळवे रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसह तपासावेत. त्यांना स्वतःला वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवा पाहता येतो. काकांच्या घरी हे काम आता त्यांची नात करते, आणि एखाद्या रात्री ती विसरली तर तेच पाय पुढे करून बसतात.