आपत्काळासाठी राखीव निधी व साठा

ताळेबंदातील राखीव निधी पाहून ही रक्कम पडून का, असे काही देणगीदार आम्हांस विचारतात. एप्रिल २०२१ मधील प्राणवायूच्या टंचाईकडे आम्ही बोट दाखवितो. सुमारे ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर मिनिटास १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला १२ तासही पुरत नाही. आणि टंचाईत उधारीवर माल मिळणे दुरापास्तच. आयकर नियमांनुसार धर्मादाय संस्थेस सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी कार्यासाठी खर्चावा लागतो. उरलेल्या १५ टक्क्यांतून अशी तरतूद करता येते. रुग्णांच्या कुटुंबीयांनीही मधुमेह-रक्तदाबाची महिनाभराची औषधे, विमापत्राची प्रत व थोडी रोकड घरी ठेवावी, आणि ती कोठे आहेत हे घरातील दुसऱ्या कोणास तरी सांगून ठेवावे. इन्सुलिनचा साठा मात्र शीतकपाटातच, गोठणकप्प्यात नव्हे.