फाईल येते शेजारून

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. आदिलाबाद, गुडीहत्नूर, इचोडा मागे टाकले की नेरडीगोंडा येते आणि पुढे निर्मल लागते. पावसाळ्यात कुंतला धबधब्याला जाणाऱ्या गाड्या नेरडीगोंड्यातूनच आत वळतात. मंडलाचे ठिकाण असलेल्या या गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर तेलुगू, गोंडी, बंजारा आणि मराठी अशा चार भाषा कानावर पडतात. निजामाच्या राज्यातला आदिलाबाद जिल्हा १९५६च्या भाषावार प्रांतरचनेत दुभंगला. किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात. २०१४पासून तो तेलंगणात आहे. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आजही आहेत.

सीमेपलीकडच्या मराठी वाचकाची अडचण कुणीही ओळखेल. मराठी पुस्तकाचे दुकान जवळ नाही, ग्रंथालयात मराठीचे कपाट असलेच तर छोटे. मोबाईल हातात आल्यावर ही अडचण सुटायला हवी होती. अर्धी सुटलीही. उरलेली अर्धी अशी, की मोठी फाईल दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून खाली उतरवायची तर नेटवर्क दमदार लागते, आणि जंगलाच्या कडेच्या गावात ते सगळीकडे सारखे मिळत नाही. पण एकाने एकदा उतरवलेली फाईल दुसऱ्याला पुन्हा तितक्या लांबून आणायची गरज काय? एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर थेट फाईल देणारे ‘पीअर-टू-पीअर’ प्रोग्रॅम याच प्रश्नातून जन्मले. चोरीच्या सिनेमांमुळे ते बदनाम झाले. मात्र त्यांचा खरा उपयोग नेरडीगोंड्यासारख्या, तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावांना आहे.

लोकांनी ही गरज आपल्या परीने आधीच भागवली होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी किनवटपासून निर्मलपर्यंत कुठल्याही बाजाराच्या गावात मोबाईल रिचार्जच्या दुकानात ‘गाणी टाकून मिळतील’ अशी पाटी असे. दोन-चार जीबीचे मेमरी कार्ड दुकानदाराच्या हाती द्यायचे, तो ते रीडरमध्ये खुपसून भक्तिगीते, लग्नाची गाणी, तेलुगू सिनेमे भरून देई. पुढे ब्लूटूथ आले, त्यापाठोपाठ शेअरइट आणि झेंडर. एका फोनने हॉटस्पॉट सुरू करायचा, दुसऱ्याने त्याला जोडायचे, की एक पैशाचा डेटा न जाता सिनेमा या फोनमधून त्या फोनमध्ये. ही ॲप इतकी रुळली, की ‘शेअरइट कर’ हे बोलीत क्रियापद होऊन बसले.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकचा गाजावाजा झाला, पण त्याच यादीत शेअरइट आणि झेंडरही होती. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने शेअरइटच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या गंभीर त्रुटी जाहीर केल्या. दुसरे एखादे ॲप त्या त्रुटींचा फायदा घेऊन फोनमधला मजकूर पळवू शकले असते. अब्जावधी वेळा उतरवलेल्या या ॲपच्या पोटात काय चालले आहे, हे वापरणाऱ्याला पाहताच येत नव्हते. मुद्दा चिनी की अमेरिकी, एवढ्यापुरता नाही. ज्याचा कोड बंद आहे, त्याच्यावर निव्वळ विश्वास ठेवावा लागतो.

आज या कामासाठी खुल्या कोडचा लोकलसेंड नावाचा प्रोग्रॅम आहे. तिएन दो नाम या विकासकाने तो सुरू केला. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे तो चालतो. खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि इंटरनेटचीही गरज नाही. दोन उपकरणे एका वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर असली की पुरे. ॲप उघडले की ते आपल्या उपकरणाला एक विशेषण आणि एका फळाचे नाव जोडून तात्पुरते टोपणनाव देते आणि ‘मी इथे आहे’ अशी हाळी स्थानिक जाळ्यावर देते. त्यासाठी २२४.०.०.१६७ हा सामुदायिक पत्ता आणि ५३३१७ क्रमांकाचे पोर्ट ठरलेले आहे. त्याच जाळ्यावरचे दुसरे लोकलसेंड ही हाळी ऐकते आणि पडद्यावर त्या उपकरणाचे नाव उमटते. त्यावर बोट ठेवले की समोरच्याला विचारणा जाते, त्याने होकार दिला की फाईल कूटबद्ध होऊन थेट निघते. मध्ये कुणाचाही सर्व्हर नाही. समोरचा फोन दिसतच नसेल, तर बहुधा संगणकाच्या फायरवॉलने ते पोर्ट अडवलेले असते. काही वसतिगृहांचे राउटर एका वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडून ठेवतात. अशा वेळी स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करणे हाच सोपा उपाय.

दोघांच्या देवघेवीला लोकलसेंड पुरेसे आहे. पण देणारे शंभर आणि घेणारे हजार असतील, तेही वेगवेगळ्या गावांत, तर? इथे ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरची गोष्ट येते. २००१च्या एप्रिलमध्ये त्याने बिटटोरंटवर काम सुरू केले आणि जुलैत पहिली आवृत्ती खुली केली. त्याआधीच्या नॅपस्टर, न्यूटेला यांसारख्या प्रणालींत बहुतेक लोक फाईल घेत आणि लगेच निघून जात, देणारे मोजकेच उरत. कोहेनने यावर तोडगा काढला तो फाईलचे तुकडे करून. मोठी फाईल ठरावीक आकाराच्या शेकडो तुकड्यांत विभागायची आणि प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा ‘टोरंट’ नावाच्या छोट्या फाईलमध्ये नोंदवायचा. एखादा तुकडा आला की तो ठशाशी जुळवून पाहायचा. जुळला नाही तर फेकून द्यायचा आणि दुसऱ्याकडून मागवायचा. म्हणूनच अनोळखी माणसाकडून आलेला तुकडाही मूळ फाईलचाच आहे याची खात्री पटते.

खरी चतुराई पुढे आहे. पहिला तुकडा हाती पडताक्षणी घेणारा देणारा होतो. जो आपल्याला वेगाने देतो त्याला प्रोग्रॅम वेगाने देतो, नुसते ओरबाडणाऱ्याला मागे ठेवतो. पेरणीच्या दिवसांत एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाला जोडून दोन्ही शेते उरकणारी सावड जशी चालते, तशीच ही देवघेव. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसते, म्हणून अधूनमधून कुणालाही एखादा तुकडा फुकट देण्याचीही तरतूद आहे. आणि जो तुकडा सर्वांत दुर्मीळ, तो आधी मागवायचा हा नियम, म्हणजे मूळ देणारा मध्येच निघून गेला तरी फाईल अपुरी राहण्याची शक्यता कमी होते.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, नेरडीगोंड्याच्या एखाद्या शाळेत २० संगणक आहेत आणि ४ एमबीपीएसची एकच जोडणी. प्रत्येक संगणकावर ६०० एमबीचा मराठी ज्ञानकोश हवा आहे. एक प्रत उतरायला २० मिनिटे लागतात. विसांनी आपापली प्रत बाहेरूनच आणली, तर तीच जोडणी वीस जणांत वाटली जाऊन पावणेसात तासांच्या आसपास वेळ जातो आणि १२ जीबी डेटा खर्ची पडतो. तेच टोरंटने केले आणि प्रोग्रॅममध्ये स्थानिक जोडीदार शोधण्याची सोय चालू ठेवली, तर प्रत्येक संगणक बाहेरून वेगळे तुकडे आणतो आणि उरलेले शेजारच्या बाकावरून घेतो. बाहेरची जोडणी फाईलच्या एका प्रतीपेक्षा फारसे ओझे वाहत नाही. सगळे जुळून आले तर अर्ध्या तासाच्या आसपास काम फत्ते. ज्या गावात जोडणी पातळ आहे तिथेच ही पद्धत जास्त फळते, हे या आकड्यांत स्वच्छ दिसते.

कोहेनची पद्धत राबवणारे प्रोग्रॅम अनेक आहेत, पण निवडताना पुन्हा तोच प्रश्न येतो. कोड खुला की बंद? भारतात वर्षानुवर्षे म्यूटोरंटचा बोलबाला होता. ते चिमुकले, वेगवान, पण बंद कोडचे. मार्च २०१५मध्ये अनेक वापरकर्त्यांनी तक्रार केली, की या प्रोग्रॅमसोबत एपिक स्केल नावाचे दुसरेच काहीतरी संगणकावर बसले आहे आणि ते आभासी चलन कमावण्यासाठी प्रोसेसर राबवते आहे. परवानगीविना काही बसवले नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरी त्याच महिन्यात तिने ते काढून टाकले. याउलट क्यूबिटटोरंटचे उदाहरण पाहा. ख्रिस्तोफ द्युमे याने २००६मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम पुढे स्वयंसेवकांनी सांभाळला. त्याचा सगळा कोड उघड आहे आणि आजवर त्यात जाहिरात शिरलेली नाही. ट्रान्समिशन हा आणखी एक खुला आणि हलका पर्याय, जुन्या लॅपटॉपवर तर अगदी सोयीचा.

महाराष्ट्रात या संस्कृतीचे सर्वांत जिवंत दिवस वसतिगृहांनी पाहिले. जॉन हेस या अमेरिकी शाळकरी मुलाने १९९९मध्ये डायरेक्ट कनेक्ट लिहिले आणि स्वीडनच्या याचेक सिएकाने २००१मध्ये त्याची खुली आवृत्ती डीसी++ काढली. आयआयटी मुंबईसह देशभरातल्या अभियांत्रिकी संस्थांच्या वसतिगृहांत तिने ठाण मांडले. कॅम्पसच्या आतल्या जाळ्यावर एक ‘हब’ असे. हब फक्त कोण हजर आहे ते सांगे, फाईल मात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत थेट जाई. ठरावीक जीबी ‘शेअर’ केल्याशिवाय हबमध्ये प्रवेश नाही, असा नियम अनेक ठिकाणी होता. सिनेमे आणि मालिका होत्याच, पण सीनियरांच्या वह्यांची स्कॅन केलेली पाने, जुन्या प्रश्नपत्रिका, लिनक्सच्या सीडी हेही त्यातूनच पिढी दर पिढी उतरत गेले. बाहेरच्या इंटरनेटवर तेव्हा बंधने होती. मार्च २००७मध्ये आयआयटी मुंबईने आपल्या १३ वसतिगृहांत रात्री ११ ते दुपारी साडेबारापर्यंत इंटरनेट बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही दिली.

चोरीचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. जून २०१६मध्ये ‘उडता पंजाब’ हा सिनेमा प्रदर्शनाच्या आधीच टोरंटवर आला आणि त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. अशा एका गळतीत शेकडो माणसांची मेहनत वाया जाते, आणि छोट्या मराठी निर्मात्याला तर असा फटका पेलवणारा नसतो. त्याच वर्षी ‘ढिशूम’ या सिनेमाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यासमोर बंद केलेल्या संकेतस्थळांवर झळकणाऱ्या इशाऱ्याचा मजकूर आला. नुसते पाहणे हा गुन्हा नाही, परवानगीविना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असा खुलासा त्यांनी केला. टोरंट वापरणाऱ्याने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या पद्धतीत घेणारा त्याच क्षणी देणाराही असतो, म्हणजे बेकायदा सिनेमा उतरवताना तो त्याचे वितरणही करत असतो. शिवाय प्रत्येकाचा आयपी पत्ता इतर सर्वांना दिसतो. लपून राहणे या रचनेत मुळातच नाही.

आणि लपायची गरज नसलेला मजकूर अमाप आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीला त्याचे प्रकाशित साहित्य स्वामित्वहक्कातून मोकळे होते. महात्मा फुले, हरिभाऊ आपटे, गडकरी, बालकवी कधीचेच मोकळे आहेत. जून १९५०मध्ये गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११पासून, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७पासून. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली हजारो मराठी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, आणि आर्काइव्हने ऑगस्ट २०१२पासून आपल्या संग्रहासाठी टोरंटची सोय दिली आहे. तिथले प्रत्येक पुस्तक हक्कमुक्त असतेच असे नाही, लेखकाचे निधनवर्ष पाहून घ्यावे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे. एमान्युएल एन्गेलहार्ट आणि रनो गोदँ यांनी २००७मध्ये सुरू केलेला किविक्स हा खुला प्रोग्रॅम अख्खा विकिपीडिया एका फाईलमध्ये बांधून इंटरनेटशिवाय वाचायला देतो आणि त्या फायली टोरंटनेही मिळतात. एकदा शाळेच्या एका संगणकावर ती फाईल उतरली, की तिथून मुलांच्या फोनवर न्यायला लोकलसेंड आहेच.

एकाच ठिकाणी ठेवलेला मजकूर किती असुरक्षित असतो, हे ऑक्टोबर २०२४मध्ये दिसले. इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला, वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली आणि कित्येक दिवस संग्रह बंद राहिला. पुढे तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्या दिवसांत ज्यांच्याकडे एखाद्या पुस्तकाची प्रत संगणकावर होती आणि टोरंट चालू होते, त्यांच्याकडून ते इतरांना मिळू शकत होते. दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या टोरंटची अडचण हीच आहे, की आर्काइव्हचा स्वतःचा सर्व्हर सोडला तर ती पुढे देणारे फारसे कुणी नसते.

हे काम करायला मोठी यंत्रणा लागत नाही. जुना लॅपटॉप, क्यूबिटटोरंट, पाच-पन्नास हक्कमुक्त मराठी पुस्तके आणि किविक्सची मराठी फाईल एवढे पुरते. अपलोडचा वेग जोडणीच्या निम्म्याहून कमी ठेवावा, म्हणजे घरातल्या इतरांचे काम अडत नाही. वेळापत्रकाची सोय वापरून रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा उठवावी. मोबाईल डेटावर मात्र हे चालवू नये, दिवसाचा कोटा तासाभरात संपेल. राउटरला पोर्ट उघडून दिले तर बाहेरून येणाऱ्यांना जोडणे सोपे जाते, आणि मग नेरडीगोंड्यातल्या लॅपटॉपवरून साने गुरुजींचे पुस्तक पुण्यातल्या किंवा टोरांटोतल्या मराठी घरातही पोचू शकते.