दोन रकान्यांमधली मुलगी

सेवाकाळात शिक्षण आढाव्याच्या ज्या बैठकांना मी बसलो, त्यांच्या टिपणीत मुलींसाठी एक रकाना असे आणि अनुसूचित जातींसाठी दुसरा. दोन्हींतले आकडे वाढते असले की पुढचा विषय निघे. शाळांकडून जात व लिंग यांची एकत्र माहितीही येत असे. ती मेजावर क्वचितच पोहोचे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ६५ टक्के होती, अनुसूचित जातींची ६६ टक्के. या दोन आकड्यांवरून दलित स्त्रीही तेथेच कोठेतरी असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती ५६.५ टक्क्यांवर होती. तिच्याच समाजातील पुरुष ७५.२ वर.

अमेरिकेत हीच गोष्ट शाळेतून निलंबित होणाऱ्या मुलांच्या आकड्यांत दिसली. चर्चा कृष्णवर्णीय मुलग्यांची होती. २०११-१२ ची सरकारी माहिती वंश आणि लिंग एकत्र घेऊन मांडली, तेव्हा निलंबित झालेल्या कृष्णवर्णीय मुली १२ टक्के निघाल्या, गोऱ्या मुली २ टक्के. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्यामुळे ही तुलना मराठी वाचकाला परकी वाटू नये. त्याआधीच, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदया’तील निबंधात मांग-महारांच्या दुःखाबरोबर त्यांच्या बायकांचे बाळंतपणातले हाल वेगळे नोंदवले होते. प्रशासनाला ती दृष्टी अजून आलेली नाही.

झाशीच्या नगरा भागात वावरताना हे विशेष जाणवते. कोरी समाजातील झलकारीबाईचे नाव येथे अभिमानाने घेतले जाते. २००१ मध्ये तिचे टपाल तिकीटही निघाले. (तिकीट काढायला खर्च थोडाच येतो.) मागास तालुक्यांतील वंचित मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ पासून आली. योजना चांगली, पण वसतिगृह आठवीपर्यंतच. मुलगी चौदाव्या वर्षी घरी परते. पुढची शाळा दूर, वाटेची धास्ती, आणि लग्नाची बोलणी सुरू. बारावीपर्यंतच्या विस्ताराची तरतूद २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात झाली, म्हणजे मधली चौदा वर्षे गेली.

आता प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने एकच तक्ता मागवावा: आठवी उत्तीर्ण झालेल्या अनुसूचित जातींच्या किती मुली नववीत दाखल झाल्या, तालुकानिहाय, नावानिशी. त्यासाठी नवा निधी लागत नाही.