भेस्तानची शारदा

पेटीचा भाता हलतो, काळी चारचा षड्ज लागतो आणि शारदा ओढणी कमरेला खोचून पुढे येते. नववीत शिकते. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी आहे, कारण संक्रांत नुकतीच झालीय आणि सुरतेतल्या उत्तरायणात मांजा कुणाची बोटं सोडत नाही. संगीताच्या बाई तिच्याकडे बघत नाहीत. त्या खिडकीकडे कान लावून बसल्यात. “थांब,” म्हणतात. मुंबईकडून येणारी गाडी भेस्तान स्टेशनावर न थांबता पुढे जाते, वर्गाच्या काचा थरथरतात, मग बाई मान हलवतात. “हं. घे आता.”

मुलगी गाते. आवाज मोठा आहे, बिनमाईकचा, थेट छातीतून येणारा. पहिली ओळ स्वच्छ येते, दुसरीत एक तान लटपटते. ती थांबत नाही, पुढच्या समेवर नेमकी येऊन उभी राहते. बाकांवर बसलेल्या मैत्रिणी टाळी वाजवायला जातात तेव्हा बाई हात वर करतात. “टाळी प्रयोगाला. आधी मला ‘ळ’ हवा.” घरी अहिराणी बोलणाऱ्या या मुलांच्या जिभेवर ‘ळ’चा सहज ‘य’ होतो. बोलताना बाईंना तो चालतो, पदात चालत नाही. मुलगी ओठ घट्ट मिटून घेते आणि पुन्हा सुरू करते.

भेस्तान हे उधना आणि सचिन यांच्या मधलं स्टेशन. एका बाजूला पांडेसराच्या डाइंग मिल, दुसऱ्या बाजूला सचिनची औद्योगिक वसाहत, मध्ये आवास योजनेच्या इमारती आणि चाळींची दाटी. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा भाषांत शाळा चालवते, कारण या शहराचे लूम आणि मिल चालवणारी माणसंच इतक्या ठिकाणांहून आलेली आहेत. त्यातली मराठी माणसं बहुतेक खानदेशची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही नावं इथल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकाआधी उधन्याहून सुटणाऱ्या गाडीमुळे पाठ होतात. ही गाडी ज्या मार्गावर धावते ती ताप्ती खोऱ्याची रेल्वे झाली 1899-1900च्या सुमारास. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ही 1899चंच. हा योगायोग मी बाईंना सांगतो तेव्हा त्या एका मुलाला हाक मारतात आणि म्हणतात, “लिही रे, सूत्रधाराच्या भाषणात घालू.”

मूळ नाटक पाच अंकांचं. कांचनभटाला पैशाचा लोभ, म्हणून तो आपल्या कोवळ्या मुलीचं, शारदेचं लग्न पंचाहत्तरीतल्या भुजंगनाथाशी ठरवतो. भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो, कोदंड हे लग्न मोडायला उभा राहतो. शाळेने त्याची तासाभराची संहिता केलीय. देवलांचा एकही शब्द बदललेला नाही, फक्त गाळलंय. गाळणं किती कठीण असतं ते बाईंच्या वहीत दिसतं. एका पदावर तीन वेळा काट मारलीय आणि तिन्ही वेळा शेजारी ‘राहू दे’ लिहिलंय. देवल 1916 साली गेले, त्यामुळे नाटक कुणाच्या परवानगीवाचून करता येतं, ही या शाळेसाठी मोठी सोय. पण सोयीपुरतं हे नाटक निवडलेलं नाही.

तालमीच्या खोलीत नऊ मुली आणि आठ मुलगे आहेत. दहावीतलं कुणी नाही, त्यांची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. भुजंगनाथ आठवीचा आणि त्याचा आवाज याच महिन्यात फुटलाय. दिवाळीत पांढरी चारवर गाणारा मुलगा आता काळी एकवरही मधेच चिरकतो. त्याला रडू येण्याच्या बेतात असतं. बाई त्याला जवळ बसवतात, पेटीवर एक-एक स्वर देतात आणि जिथे आवाज फुटतो तिथे खूण करतात. मग त्याच्या पदाच्या ओळी बोलत-बोलत म्हणायला लावतात, फक्त शेवटचा शब्द सुरात. म्हाताऱ्याची धाप त्यातून आपोआप येते. खोलीतली मुलं आता हसतात ती त्याला नाही, भुजंगनाथाला. मुलाला हा फरक कळतो. तो खांदे आणखी वाकवतो.

किर्लोस्कर नाटक मंडळीनेही मुलांचे आवाज असे फुटताना बघितले असणार. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’, आणि त्या सुभद्रेसाठी त्यांना जो आवाज मिळाला तो गुजरातेतून, बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांचा. मराठी संगीत नाटकाची पहिली मोठी नायिका बडोद्याने दिली, हे या मुलांना माहीत असायला हवं. मी त्यांना ते सांगतो. “म्हणजे बाईचं काम माणूस करायचा?” शारदेची मैत्रीण झालेली मुलगी विचारते. हो, करायचा. “आणि गायचा पण?” गायचा. ती थोडा वेळ विचार करते. “मग आपली शारदा तर खरी आहे,” म्हणते आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहते.

तबल्यावर बसलेला मुलगा चाळीतल्या भजनी मंडळात वाजवतो. हात तयार आहे, पण काहीही सुरू केलं तरी तो भजनी ठेक्यावर येतो. साकी आली की बाई तबला बंदच ठेवतात. साकीची ओळ सोळा आणि बारा मात्रांची, ती बोलण्याच्या अंगाने जाते, तिला ठेक्याची घाई सोसत नाही. मुलांना सगळ्यांत लवकर बसतो तो हाच प्रकार. दिंडीही बसते, कारण ती त्यांनी कीर्तनात ऐकलेली असते. खरी कसोटी लागते ती रागदारीवर बेतलेल्या पदांत. मोबाइलवर तानपुरा लावलेला आहे, त्याची बॅटरी संपत आली की कुणीतरी धावत जाऊन दुसऱ्याचा आणतं. पेटी शाळेची नाही. तीही त्याच भजनी मंडळाची. एकादशी आली की ती रिक्षात बसून परत जाते आणि त्या दिवशी तालीम नुसत्या टाळ्यांवर होते.

मधल्या सुट्टीनंतर दोन आया पिशव्या घेऊन येतात. एकीचा नवरा लूमच्या खात्यावर आहे, दुसरीचा मिलमध्ये. दोघीही घरी साड्यांचं काम करतात, एक धागा कटिंगचं, दुसरी टिकल्या आणि लेस लावायचं. पिशवीतून सेकंडच्या मालातल्या साड्या निघतात, कुठे छपाई सरकलेली, कुठे रंग उडालेला. सुरतेत तयार होते ती सहावारी, आणि शारदेच्या आईला, इंदिराकाकूंना हवी नऊवारी. मग दीड साडी जोडून शिवायचं ठरतं. जोड निऱ्यांत कुठे लपेल यावर दोघींचं बराच वेळ बोलणं चालतं. मागचा पडदा ग्रे कापडाचा आहे, लूमवरून उतरलेलं, अजून न रंगवलेलं कापड. त्यावर चित्रकलेच्या सरांनी नदीचा घाट काढलाय. बाईंना मध्येच काळजी वाटते, घाट कृष्णेचा दिसतो की तापीचा? सर शांतपणे म्हणतात, “बाई, आपल्या मुलींनी पाहिलेली नदी तापी.” घाट तसाच राहतो.

आता तो प्रवेश येतो ज्यासाठी मी मुद्दाम थांबलोय. लग्नाचा मांडव. अंतरपाट धरलेला. कोदंड धावत येतो आणि लग्न थांबवतो. थांबवतो ते कशावर? वर आणि वधू सगोत्र आहेत, या कारणावर. प्रवेश एकदा होतो. दुसऱ्यांदा सुरू होताना इंदिराकाकू झालेली मुलगी हात वर करते.

“बाई, हे गोत्राचं कशाला?”

“म्हणजे?”

“ती नको म्हणतेय ना. तो म्हातारा आहे. मग गोत्र वेगळं असतं तर लग्न लागलं असतं का?”

खोलीत एकदम बोलणी सुरू होतात. एक मुलगा म्हणतो, तेव्हा कायदा नव्हता. दुसरी विचारते, शारदेला 1098 नंबर माहीत नव्हता का? कुणी तिला हसत नाही. चाइल्डलाइनचा हा नंबर शाळेच्या पाटीवर लिहिलेला आहे आणि मुलींना तो तोंडपाठ आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी अहिराणीत म्हणतं, “माले लगीन नही करनं!” त्यावर मात्र मुली खळखळून हसतात आणि हसता-हसता एक-दोघी गप्प होतात. मे महिन्यात ही सगळी कुटुंबं लग्नांसाठी गावी जातात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वर्गातली एखादी मुलगी परत आलेली नसते. बाई हे जाणून आहेत. त्यांना मी एकदाही आवाज चढवताना पाहिलं नाही, आताही त्या चढवत नाहीत.

त्या फळ्यावर वर्षं लिहितात. 1891, संमतिवयाचा कायदा, वय 12. 1899, ‘शारदा’. 1929, हरबिलास सारडांचा कायदा, मुलीचं वय 14. 1978, वय 18. 2006, बालविवाह प्रतिबंधाचा आजचा कायदा. “देवलांच्या हातात 1899 साली गोत्र होतं,” त्या म्हणतात. “समोर बसलेल्या माणसांनी ज्याला मान दिला असता असं तेवढंच एक कारण. मुलगी नको म्हणते, या कारणावर तेव्हा मांडवातून कुणी उठलं नसतं. म्हणून त्यांनी तिला पदं दिली. तिचं नको त्यांनी गाण्यात ठेवलं.”

माझ्या मते शाळेत ‘शारदा’ करण्याचं सगळं कारण या उत्तरात आहे. या मुलींना घरात मोठ्या आवाजात नाही म्हणता येत नाही. भाषणात सांगितलं तर त्या मान खाली घालून ऐकतात. पण पद म्हणायचं तर मान वर करावी लागते, पोटातून श्वास घ्यावा लागतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागतं. तालमीच्या पहिल्या दिवसांत ही शारदा भिंतीकडे तोंड करून गात होती, असं बाई सांगतात.

गोत्राचा प्रवेश तसाच ठेवायचं ठरतं. मात्र भरतवाक्यानंतर सगळ्या मुलींनी पुढे येऊन एक साकी म्हणायची आणि ती त्यांनीच रचायची. दहा मिनिटं कागद फिरतात. मात्रा बोटांवर मोजल्या जातात, सतरा होतात, एक शब्द खोडला जातो. शेवटी ओळ जमते:

अठरा सरु द्या आधी बाबा, मग लग्नाचे बोला.

सोळा आणि बारा, बरोबर. भुजंगनाथ विचारतो, मी पण म्हणू का? मुली एकमेकींकडे बघतात आणि त्याला रांगेत घेतात, अगदी टोकाला.

संध्याकाळी अंगणात रंगीत तालीम आहे. मांडववाल्याने फळ्या टाकल्यात, दोन माईक उभे आणि एक वरून टांगलेला. वेळ मुद्दाम आठची धरलीय, कारण दिवसपाळी सातला सुटते. तरी साडेसातपासूनच माणसं येऊ लागतात. कुणाच्या केसांवर अजून लूमचा कापूस आहे. बारा तास यंत्रांच्या खडखडाटात उभी राहणारी ही माणसं घरीही मोठ्यानेच बोलतात; मुलांचे आवाज इतके खुले का, याचं उत्तर मला त्यांच्याकडे बघून मिळतं. नांदी सुरू होते. पहिल्या ओळीला कोरस दोन सुरांत फाटतो, दुसरीला एकत्र येतो. तबलजी भजनी ठेक्यावर घसरतो आणि बाईंच्या एका नजरेवर परत येतो.

भद्रेश्वर दीक्षिताचं बोलणं माणसांना फार आवडतं. असा मध्यस्थ प्रत्येकाने पाहिलेला आहे. मागून एक काका नावासकट ओळख सांगतात, पुढच्या रांगा हसतात. शारदा पदाला उभी राहते तेव्हा हसू थांबतं. याच वेळी गाडी येते, लांबलचक हॉर्न देत. मुलगी षड्ज धरून ठेवते, श्वास पुरवून-पुरवून, गाडी निघून जाईपर्यंत, आणि तिथूनच पुढची ओळ उचलते. माझ्या शेजारी बसलेली आजी पदर तोंडाला लावते. “पोर कशी गास वं,” म्हणते. मग बाप्या माणसांच्या रांगेतून आवाज येतो, “वन्स मोअर!” मुलीला हे काय ते माहीत नाही. ती विंगेत बाईंकडे बघते. बाई पेटीवरून बोटानेच खूण करतात, पुन्हा. ती पुन्हा गाते आणि या वेळी तान लटपटत नाही.

शेवटची साकी सगळे मिळून म्हणतात. टाळ्या पडतात, सगळ्यांच्या नाही. दोन-तीन माणसं हाताची घडी घालून बसलेली राहतात. मला तेही बरं वाटतं. ती उठून गेलेली नाहीत, ऐकत बसलीयत.

मुलं रंग पुसायला पळतात. बाई मात्र पेटी पुसून खोक्यात ठेवतायत, उद्या एकादशी आहे आणि मंडळाचा माणूस सकाळी सातला येणार. प्रयोग परवा, शनिवारी. पेटी तोवर परत आणायची, हे त्या दोनदा बोलून दाखवतात. वाचकहो, तुमच्यापैकी कितीतरी घरांत आजोबांची पेटी कपाटावर पडून असेल, भाता फाटलेला असेल तरी दुरुस्त होणारी. ती तुमच्या जवळच्या मराठी शाळेला द्या. आणि देताना मुख्याध्यापकांकडून आठवड्याचा एक तास संगीतासाठी मागून घ्या.