पटावर पहिल्यांदा उतरणारा गोऱ्हा

शंकरपट ही वऱ्हाडातील बैलजोडीची शर्यत असून अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे तिचे नामांकित ठिकाण आहे. हलक्या छकडीला जुंपलेली जोडी धुरकरी, म्हणजे हाकणारा, सरळ पट्टीवर पळवतो आणि सेकंदाच्या अंशापर्यंत मोजलेल्या वेळेवर निकाल ठरतो. गोऱ्ह्याचे, म्हणजे कोवळ्या बैलाचे, वय दातांवरून ओळखतात : दुधाचे दात न पडलेला तो अदात, तर साधारण दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन कायमचे दात आलेला तो दोनदाती. अशा नवख्याला आधी अनुभवी बैलाच्या जोडीला, थोड्या अंतरावर पळवत आणि गर्दी-गोंगाटाची सवय लावत तयार करणे हिताचे असते, कारण बुजलेला गोऱ्हा पट्टी सोडून जोडीदारालाही जायबंदी करू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केलेल्या शंकरपटासारख्या बैलगाडा शर्यतींना, राज्याने २०१७ मध्ये कायदा केल्यानंतर, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व पशुवैद्यकाची तपासणी त्यात बंधनकारक असून जनावराला मारहाण करण्यास मनाई आहे. कायद्याची परवानगी असली, तरी गोऱ्हा अंगाने भरल्याशिवाय मालकाने त्याला पटावर उतरवू नये.