लेखणी अडते तेव्हा

महाभारत लिहून घ्यायला गणपती तयार झाला तो एका अटीवर: सांगणाऱ्याने मध्ये थांबायचे नाही. व्यासांनीही उलट अट घातली की, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाही. मग पुढचे सुचायला अवधी हवा असला की ते एखादा कूटश्लोक सांगत, आणि गणपती अर्थ लावीत बसला की तेवढ्यात पुढची रचना करून घेत. ही आख्यायिका आपण गणपतीच्या बुद्धीची म्हणून ऐकतो. मला मात्र तिच्यात व्यासांची अडचण दिसते. अडत तेही होते. ते झाकायची युक्ती तेवढी त्यांच्याजवळ होती.

आपल्याजवळ ती नाही. कला शाखेत तर नाहीच! आपण कथा लिहायला शिकण्याआधी कथेवर टीका करायला शिकतो. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, सारे मुद्दे पाठ असतात. पेपरात जी. ए. कुलकर्णींच्या कथेतील नियतीवर दोन पाने लिहून आलो की, रात्री आपल्या वहीत ‘सकाळ झाली’ एवढे लिहायचीही लाज वाटते. वाक्य कागदावर उतरण्याआधीच परीक्षक खुर्ची ओढून शेजारी बसलेला असतो. मग वाक्य खोडायचे, पान फाडायचे, नवे पान घ्यायचे. दोनशेपानी वही अशी दीडशेवर येते आणि कथा पहिल्या वाक्यापुढे सरकत नाही.

या अडण्यावर उपाय आहे, आणि तो अगदी अरसिक आहे. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द झालेच पाहिजेत असा दंडक पाळी. त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. मृत्यूनंतर, १८८३ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सारे उघडपणे सांगून टाकले आहे. प्रतिभेला घड्याळ लावायचे म्हणजे काय, असे आपल्यालाही वाटते. पण घड्याळ चालू असताना परीक्षकाला तोंड उघडायला वेळ मिळत नाही, ही त्यातली खरी गोम. हेमिंग्वेची रीत आणखी सोपी: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे लिहिणे थांबवायचे. मी पाव तासाला ८० शब्दांवर समाधान मानले. बरीवाईट कशी का होईनात, नऊ पाने झाली.

आणि पुन्हा अडले. हे अडणे निराळे होते. कथा आजोळच्या वाटणीची. ओटीवर बसलेले पंच, माजघरात मांडलेली भांडी, दोन्ही मामांचा अबोला, सारे भराभर उतरले. मग तालुक्याच्या कचेरीत आईने हक्कसोडपत्रावर सही केली तो प्रसंग आला आणि घड्याळाचा काही उपयोग होईना. दोन महिने मी मामांचे स्वभावच रंगवीत राहिले. कथा मामांची नव्हतीच. ती आईची होती, आणि आई ती वाचणार होती. शब्द सुचत नव्हते असे नाही. जे सुचत होते ते लिहायला हात धजत नव्हता.

असे मौन किती काळ चालावे याला हिशेब नसतो. कराडला भूशास्त्र शिकवणाऱ्या प्रकाश नारायण संतांनी साठच्या दशकात काही कथा लिहिल्या, मग ते दीर्घकाळ गप्प राहिले. ‘वनवास’ हा त्यांचा पहिला संग्रह आला तो १९९४ मध्ये. त्या मौनाचे कारण बाहेरून सांगणे धाडसाचे होईल. लंपन इतकी वर्षे थांबूनही शिळा झाला नाही, एवढे मात्र वाचणाऱ्याला दिसते.

मी तो प्रसंग कथा म्हणून लिहायचे सोडले आणि आईला पत्र लिहायला घेतले. त्या दिवशी तू कोणती साडी नेसली होतीस, पेन कोणी पुढे केले, सही करताना कोणाकडे पाहिलेस? पत्राला गुण नसतात. एका बैठकीत चार पाने झाली. त्यांतली तीन, ‘तू’ची ‘ती’ करून, कथेत जशीच्या तशी गेली.

वही आईला वाचायला दिली. तिने चष्मा लावून सावकाश वाचली आणि म्हणाली, “तांब्याचा हंडा थोरल्या वहिनीकडे गेला गं, धाकटीकडे नाही.” सहीबद्दल ती काहीच बोलली नाही. हंडा दुरुस्त केला आहे. शेवटची दोन पाने अजून व्हायची आहेत.