धूळ सापडली, वायूचे काय?

विरारहून डहाणूकडे लोकल गाड्या जाऊ लागल्या त्या २०१३ साली. या गाड्यांनी ये-जा करणारे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी ज्या पट्ट्यातून जातात, तो भातशेती आणि फळबागांचा. याच पट्ट्याच्या टोकाला, डहाणूच्या खाडीकाठी, पाचशे मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ च्या सुमारास उभे राहिले. आपल्याकडील दगडी कोळशात शेकडा तीस ते चाळीस राख असते. एवढा कोळसा जळूनही धुराड्यातून राखेचे लोट उठत नाहीत, याचे श्रेय धातू गाळणाऱ्या भट्ट्यांसाठी प्रथम योजलेल्या एका विद्युत्-युक्तीला आहे.

युक्ती साधी आहे. धूर ज्या मार्गाने जातो तेथे उच्च दाबाची वीज खेळविलेल्या तारा टांगावयाच्या आणि भोवती धातूची पत्रे उभी करावयाची. तारांपाशी धुळीच्या कणांवर विद्युत्-भार चढतो, कण पत्र्यांकडे ओढले जातात, आणि पत्रे ठोकली की साचलेली धूळ खाली पडते. इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या सूचनेवरून १८८५ साली वेल्समधील बॅगिल्ट येथे शिशाच्या कारखान्यात हा प्रयोग झाला; परंतु त्या काळची विद्युत्-यंत्रे फारच दुबळी असल्याने तो फसला. यश लाभले ते कॅलिफोर्नियातील प्राध्यापक फ्रेडरिक कॉट्रेल यांना. सेल्बी येथील धातुशाळेच्या धुराविरुद्ध खाडीपलीकडील रहिवासी न्यायालयात गेले होते. तेथील गंधकाम्लाचे धुके कॉट्रेल यांनी १९०७ च्या सुमारास विजेने पकडून दाखविले. १९०८ साली त्यांना एकस्व मिळाले. आणि पुढे १९१२ मध्ये त्यांनी आपले एकस्वहक्क स्वतःच्या संपत्तीसाठी न ठेवता संशोधनाला साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या हवाली केले.

तथापि या यशोगाथेतील एक प्रकरण विसरता कामा नये. कॅलिफोर्नियातच बालाक्लाला कंपनीच्या तांब्याच्या भट्टीवर १९१० साली ही यंत्रे बसविली गेली. धुळीचा मोठा भाग हाती लागला. पण सल्फर डायऑक्साइड हा वायू असल्याने तो तारा-पत्र्यांमधून निसटून पिकांवर जातच राहिला. शेतकऱ्यांचे समाधान झाले नाही आणि १९११ मध्ये भट्टी बंद करावी लागली. धूर डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे तो निर्धोक झाला, असे नव्हे.

हाच धडा डहाणूला पुन्हा गिरवावा लागला. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला होता. वीजकेंद्रात राख पकडणारी यंत्रे होती. वायूचा प्रश्न मात्र शिल्लक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. चिकूच्या बागांचे आणि माणसांच्या श्वासाचे रक्षण करण्यासाठी त्याने वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेचा आग्रह धरला, आणि समुद्राच्या पाण्याने गंधकवायू शोषून घेणारी ती यंत्रणा २००७ मध्ये कार्यान्वित झाली. केंद्र सुरू झाल्यापासून सुमारे बारा वर्षे लोटली होती.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातील बहुसंख्य कोळसा-वीजसंचांना अशा यंत्रणेच्या सक्तीतून मोकळे केले. देशी कोळशात गंधक कमी असते आणि खर्च मात्र मोठा येतो, हा त्यामागील युक्तिवाद. तो सर्वस्वी निराधार नाही. पण थोडे गंधक असलेला कोळसाही लक्षावधी टन जाळला की वायू थोडा राहत नाही. आणि वाचलेला खर्च बागाईतदाराच्या व रुग्णाच्या खात्यावर पडतो.

धूळ कशी पकडावी हे शास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच सांगितले, वायू कसा धुवावा हेही सांगितले. ते खर्च सोसून करावयाचे की नाही, हा निर्णय मात्र समाजाचा आहे. डहाणूने तो न्यायालयाचे दार ठोठावून करून घेतला. विरारपासून डहाणूपर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे. कारण पुढचे धुराडे कोणाच्या अंगणापाशी उभे राहील, हे आज कोणीही सांगू शकत नाही.